नकाशात बसलं, गटारात नाही: वस्तीलगतच्या वॉशिंग सेंटरच्या परवानगीचा रिव्ह्यू

कार वॉशचे रिव्ह्यू म्हटले की फोम किती जाड, व्हॅक्यूम कसा, टायरची चकाकी किती दिवस टिकली, एवढंच वाचायला मिळतं. हा रिव्ह्यू त्याआधीच्या सेवेचा आहे. मुंबईत घरांना खेटून वॉशिंग सेंटर काढायचं तर जी परवानगी घ्यावी लागते, तिचा. या सेवेची गिऱ्हाइकं दोन. एक अर्जदार, जो शुल्क भरतो. दुसरा कुंपणापलीकडच्या सोसायटीतला रहिवासी, जो काही भरत नाही पण निकाल रोज ऐकतो आणि हुंगतो. दोघांच्या बाजूंनी मिळून आमचे गुण पाचपैकी अडीच. जागा कुठे आहे हे ही सेवा नीट तपासते. पाणी कुठे जाईल, गाड्या कुठे थांबतील आणि पंप किती घुमेल, हे मात्र चार खात्यांत वाटलं गेलं आहे, आणि त्यांची गाठ घालून द्यायचं काम अर्जदाराच्या आर्किटेक्टवर किंवा लायसन्स्ड प्लंबरवर येऊन पडतं.

डीपी रिमार्क

सगळ्यात चांगला भाग आधी. भाडेकरारावर सही करण्यापूर्वी, डिपॉझिट देण्यापूर्वी, विकास आराखडा (डीपी) २०३४ चा रिमार्क, म्हणजे त्या प्लॉटबद्दलच्या नोंदींचा महापालिकेचा कागद, काढावा. उपनगरात सीटीएस नंबर, शहर भागात सीएस नंबर (दोन्ही जमिनीच्या मोजणीचे क्रमांक), आणि गावाचं किंवा विभागाचं नाव हातात असलं की तो ऑनलाइन मिळतो. त्यात झोन कळतो, आरक्षण आहे का ते कळतं, सध्याचे आणि प्रस्तावित रस्ते प्लॉटला कुठे छेदतात ते दिसतं.

नवखा माणूस झोनची ओळ वाचून कागद घडी घालून ठेवतो. वॉशिंग सेंटरवाल्याचं खरं काम त्या कागदाच्या शेवटी आहे. तिथे जवळची जलवाहिनी किती अंतरावर, मलनिःसारण वाहिनीचं मॅनहोल किती मीटरवर, त्या मॅनहोलची इन्व्हर्ट पातळी म्हणजे तळाची उंची किती आणि प्लॉटची जमिनीची पातळी किती, हे आकडे असतात. या चार आकड्यांवर धंदा तरतो किंवा बुडतो. हिशेब सोपा आहे. मॅनहोल २५ मीटरवर आहे आणि पाइपला ६० ला १ असा ढाळ दिला, तर पाइप वाटेतच साधारण ४२ सेंटिमीटर खाली उतरतो. तेल-गाळ अडवणाऱ्या टाकीतून पाणी बाहेर पडतं तेच जमिनीखाली ५० ते ६० सेंटिमीटरवर. म्हणजे प्लॉटची पातळी आणि मॅनहोलचा तळ यांत किमान एक मीटर फरक हवा. तो नसेल तर पाणी उपसून चढवावं लागेल, पंप लागेल, आणि तो पंप टाकीच्या नंतरच बसवायला हवा. टाकीच्या आधी बसवला तर पंपाचा पंखा तेल आणि पाणी घुसळून एकजीव करतो आणि मग टाकीत काहीच वेगळं होत नाही.

रस्त्याच्या नियमित रेषेचा, म्हणजे रस्त्याच्या ठरवलेल्या कडेचा, रिमार्कही सोबत घ्यावा. महापालिका अधिनियम, १८८८ च्या कलम २९७ खाली ही रेषा ठरते. प्लॉटच्या तोंडाशी पाच-सहा मीटर मोकळी पट्टी दिसते, तिथे गाड्या उभ्या करू असा विचार असतो, आणि ती पट्टी रेषेत गेलेली असते. रुंदीकरण आलं की रांगेची जागा गेली. या टप्प्याला पाचपैकी साडेचार. अर्धा गुण कापला कारण कागदाची भाषा वाचून समजावणारं जवळ कुणी नसेल तर सामान्य माणसाला इन्व्हर्ट लेव्हल म्हणजे काय हे कळण्याची सोय तिथे नाही.

अर्ज कुणाच्या दारी

मुंबईत सगळीकडे महापालिकाच नियोजन प्राधिकरण, म्हणजे परवानगी देणारी संस्था, आहे, असं धरून चालणं महागात पडतं. म्हाडाच्या अभिन्यासांसाठी (लेआउटसाठी) २०१८ पासून म्हाडाकडे हे अधिकार आहेत, वांद्रे-कुर्ला संकुलात एमएमआरडीएकडे, आणि झोपडपट्टी पुनर्वसनाच्या योजनांत एसआरएकडे. टिळकनगर, पंतनगर, डी. एन. नगर अशा म्हाडाच्या वसाहतीतल्या कोपऱ्यावरच्या गाळ्यासाठी वॉर्ड ऑफिसात नकाशा घेऊन गेलं तर महिनाभर फुकट जातो. आधी प्राधिकरण विचारावं, लेखी.

त्यानंतर येते विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, म्हणजे डीसीपीआर २०३४, जी सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. तिच्या नियम ३४ मध्ये कोणत्या झोनमध्ये कोणता वापर चालेल याचा तक्ता आहे. तक्त्यात वापरापुढे अटी येतात: स्वतंत्र भूखंड हवा का, तळमजलाच हवा का, समोरचा रस्ता किती रुंद हवा. अर्जात जो शब्द लिहाल त्याप्रमाणे अट लागते. ‘गाडी धुणे’ लिहिलं तर एक, ‘सर्व्हिसिंग आणि दुरुस्ती’ लिहिलं तर दुसरी. म्हणून पुढच्या दोन वर्षांत जे काही करायचं आहे ते सगळं आजच लिहावं. आज फक्त धुण्याची परवानगी घेतली आणि दिवाळीत ऑइल बदलायला सुरुवात केली, तर तो वापरातला बदल ठरू शकतो. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये ‘विकास’ या शब्दाच्या व्याख्येतच जमिनीच्या किंवा इमारतीच्या वापरात केलेला ठळक बदल येतो. म्हणजे विटेवर वीट ठेवली नाही तरी कलम ४४ खाली परवानगी लागते, आणि ती न घेता वापर सुरू केला तर कलम ५२ खाली शिक्षा आणि कलम ५३ खाली नोटीस आहेच.

अर्ज अडण्याची ठरलेली जागा म्हणजे मंजूर नकाशा. जिथे गाडी चढवून धुण्याचा रॅम्प बांधायचा आहे ती जागा इमारतीच्या मंजूर नकाशात ‘पार्किंग’ किंवा ‘मोकळी जागा’ म्हणून दाखवलेली असते. ते पार्किंग इमारतीच्या सक्तीच्या संख्येत मोजलेलं असतं, त्यामुळे ते वजा करता येत नाही. मोकळी जागा अग्निशमन गाडीच्या वाटेसाठी राखलेली असते, तिथे कुलूप लावायचं गेटसुद्धा चालत नाही. गाळामालक ‘जागा माझीच आहे’ म्हणतो आणि ते खरंही असतं. मालकी आणि मंजूर वापर या दोन वेगळ्या गोष्टी. मंजूर नकाशाची आणि भोगवटा प्रमाणपत्राची प्रत मालकाने दिल्याशिवाय टोकन रक्कमसुद्धा देऊ नये.

अर्जावर ६० दिवसांत निर्णय आला नाही तर कलम ४५ प्रमाणे परवानगी मिळाल्याचं मानलं जातं, हे बरेच सल्लागार छातीठोकपणे सांगतात. पुढचं वाक्य ते गिळतात. काम नियमावलीला धरून असलं तरच ही मानीव परवानगी टिकते. नियमाबाहेरचा रॅम्प ६१ व्या दिवशी नियमात बसत नाही. नकार मिळाला तर कलम ४७ खाली ४० दिवसांत राज्य शासनाकडे अपील करता येतं, तो रस्ता जास्त भरवशाचा. या टप्प्याला साडेतीन.

१८८८ चं कलम

आता जरा वेगळं. डीसीपीआर रस्त्याची रुंदी विचारते, प्लॉट विचारते. शेजाऱ्याला त्रास होईल का, हा प्रश्न सरळ विचारतो तो १८८८ चा कायदा. कलम ३९० सांगतं की वाफ, पाणी, वीज किंवा इतर यांत्रिक शक्ती वापरणारा कारखाना, वर्कशॉप किंवा कामाची जागा नव्याने सुरू करायची तर आयुक्तांची आगाऊ लेखी परवानगी हवी. आणि आजूबाजूची दाट वस्ती किंवा रहिवाशांना होणारा उपद्रव, या कारणांवरून ती नाकारता येते. घोडागाडीच्या काळातलं हे वाक्य पाच अश्वशक्तीच्या प्रेशर पंपाला आणि कॉम्प्रेसरला चपखल बसतं. वॉर्डातलं इमारत व कारखाने खातं हे बघतं.

अर्जदाराने इथे लपवाछपवी करू नये. जोडलेला भार खरा लिहावा: दोन पंप, एक कॉम्प्रेसर, दोन व्हॅक्यूम, रॅम्पचा हायड्रॉलिक मोटर असेल तर तोही. विजेच्या मीटरचा मंजूर भार एक आणि कारखाना परवान्यावरचा भार दुसरा, हे तपासणीत पहिल्या पाच मिनिटांत सापडतं. रहिवाशांनी हरकत लिहायची तर ती याच कलमातल्या दोन शब्दांना धरून लिहावी. ‘आम्हाला इथे हे नको’ या पत्राला किंमत नाही. ‘पंपाची जागा आमच्या बेडरूमच्या खिडकीपासून चार मीटरवर आहे’ या पत्राला आहे.

प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती वेगळी. जल अधिनियम, १९७४ आणि वायू अधिनियम, १९८१ खाली आधी उभारणीची, मग चालवण्याची. केंद्रीय मंडळाच्या २०१६ च्या, प्रदूषणाच्या प्रमाणावरून केलेल्या वर्गवारीत गाड्यांचं सर्व्हिसिंग, दुरुस्ती आणि रंगकाम ऑरेंज गटात होतं. नुसतं धुणारं केंद्र असेल तर आपला गट कोणता हे अर्जाआधी मंडळाकडून लेखी घ्यावं, कारण शुल्क, संमतीची मुदत आणि तपासण्या त्यावर ठरतात. चुकीच्या गटात अर्ज केला तर तो परत येतो आणि शुल्काचा घोळ निस्तरत बसावं लागतं.

पाणी कुठून

थोडक्यात सांगतो, कारण हा भाग सगळ्यांना ठाऊक असतो आणि तरी सगळे चुकतात. साध्या पाइपने एक गाडी धुतली तर १५० ते २५० लिटर पाणी सहज जातं. मिनिटाला १२ लिटरची प्रेशर गन नीट वापरली, ट्रिगर सोडला की पंप थांबणारी, तर ८० ते १२० लिटर. दिवसाला २० गाड्या आणि गाडीला १२० लिटर धरले तर २,४०० लिटर, म्हणजे १०,००० लिटरचा टँकर जेमतेम चार दिवस. टँकरवर सगळी भिस्त ठेवणाऱ्यांनी एप्रिल २०२५ आठवावा, जेव्हा भूजल परवानगीच्या नोटिसांवरून मुंबईतल्या टँकरवाल्यांनी संप केला होता. बोअरवेलचं पाणी किनाऱ्याजवळ खारट लागतं आणि काळ्या गाडीवर पांढरे ठिपके सोडतं. पहिली धुलाई त्यात चालेल, शेवटची नाही. सोसायटीच्या घरगुती जोडणीतून गाळ्याला फांदी काढणं हा तर थेट गुन्हा अंगावर घेण्याचा प्रकार.

जमिनीखालची टाकी असेल तर तिला डास न शिरणारं घट्ट झाकण हवं. मलेरियाचा मुंबईतला डास, ॲनोफिलिस स्टीफेन्सी, स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो. कीटकनाशक विभागाचे कर्मचारी पहिल्यांदा टाकीच पाहतात.

पाणी कुठे

इथे ही परवानगीची सेवा सगळ्यात कमी पडते, म्हणून इथे जास्त थांबतो.

मुंबईत रस्त्याखाली दोन वेगळ्या वाहिन्या आहेत. पर्जन्य जलवाहिनी पावसाचं पाणी नाल्यात आणि तिथून खाडीत, समुद्रात नेते, वाटेत कसलीही शुद्धीकरणाची सोय नाही. मलनिःसारण वाहिनी उदंचन केंद्राकडे (पंपिंग स्टेशनकडे) आणि पुढे प्रक्रियेला जाते. वॉशिंगचं पाणी रस्त्याकडेच्या जाळीत सोडणं सर्वात सोपं असतं, कारण जाळी समोर दिसते आणि मलवाहिनीचं मॅनहोल रस्त्याच्या मध्ये असतं. ते पाणी जाळीत गेलं की तेलाचा तवंग नाल्यावर आणि माती वाहिनीत. गाडीमागे अर्धा किलो माती धरली तरी २० गाड्यांची दिवसाला १० किलो, महिन्याला ३०० किलो. जूनमध्ये गल्लीत पाणी तुंबलं की त्या ३०० किलोंचा जाब कुणीतरी विचारणारच.

मलवाहिनीत सोडायचं तरी तसंच सोडता येत नाही. पर्यावरण संरक्षण नियम, १९८६ मधल्या मर्यादांप्रमाणे सार्वजनिक मलवाहिनीत जाणाऱ्या पाण्यात तेल-ग्रीस लिटरला २० मिलिग्रॅमच्या आत, तरंगते कण ६०० मिलिग्रॅमच्या आत आणि पीएच ५.५ ते ९ च्या दरम्यान हवा. हे साधण्याचं सर्वात स्वस्त साधन म्हणजे तीन कप्प्यांची टाकी. पहिल्या कप्प्यात माती बसते, दुसऱ्यात तेल वर येतं, तिसऱ्यातून निवळलेलं पाणी बाहेर पडतं. भिंतींतली वाट मधल्या उंचीवर ठेवायची, म्हणजे खालची माती आणि वरचं तेल दोन्ही मागे राहतात. बाहेरच्या पाइपला टी, म्हणजे टी आकाराचा जोड, लावून त्याचं तोंड पाण्याच्या पातळीखाली ३० सेंटिमीटर बुडवायचं. हा टी शंभर-दोनशे रुपयांचा असतो आणि तोच बसवायचा राहतो. तो नसला की तवंग वरच्या वर सरकत थेट वाहिनीत जातो आणि टाकी असूनही नसल्यासारखी.

आकार असा काढतात. दोन गन एकाच वेळी चालू, प्रत्येकी १२ लिटर, म्हणजे मिनिटाला २४ लिटर. पाण्याला टाकीत किमान ४५ मिनिटं थांबू द्यायचं तर १,०८० लिटर. मातीसाठी थोडी जागा धरून दीड मीटर लांब, एक मीटर रुंद आणि ९० सेंटिमीटर पाण्याची खोली, म्हणजे १,३५० लिटर, एवढी टाकी २० गाड्यांच्या केंद्राला पुरते. झाकणं एका माणसाला उचलता येतील अशी, कारण जड झाकण कधीच उघडलं जात नाही. माती एक तृतीयांश भरली की उपसायची. पावसाळ्यात ही वेळ आठवड्याला येते. तेल दोन दिवसांनी काढून झाकणाच्या पिंपात ठेवायचं आणि अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याला द्यायचं. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेलं तेल येतं, ते कचरागाडीत टाकायचं नसतं.

टाकी बरोबर असून पाणी दुधाळ येत असेल तर दोष शाम्पूचा. कडक डिग्रीझर (ग्रीस काढणारं रसायन) आणि जोराचा फवारा मिळून तेलाचे इतके बारीक थेंब करतात की ते तासन्‌तास वर येत नाहीत. ओळखायचं कसं? तिसऱ्या कप्प्यातलं पाणी काचेच्या बाटलीत भरून अर्धा तास हलवू नये. वर तवंग जमला तर टाकी लहान पडते आहे. पाणी तसंच दुधाळ राहिलं तर साबण बदलायला हवा. कमी पीएचचा, तेल लवकर सोडून देणारा शाम्पू मागावा. आणि गाडीच्या तळाला डिझेल मारायची जी पद्धत आहे, ‘गंज लागत नाही’ म्हणून, ती वस्तीत पूर्ण बंद. एक लिटर डिझेल एका सकाळी टाकीचा सगळा हिशेब मोडतं, आणि वास तिसऱ्या मजल्यापर्यंत जातो तो वेगळाच.

आता खरी मेख. वर काढलेला सगळा हिशेब छपराखालच्या जागेचा आहे. धुण्याची जागा ५० चौरस मीटर आहे आणि उघडी आहे असं समजा. मुंबईच्या पावसाला तासाला ५० मिलिमीटर म्हणजे फार नाही. पर्जन्य वाहिन्यांच्या क्षमतेसाठी ब्रिमस्टोवॅड अहवालाने १९९३ मध्ये हाच आकडा धरला होता. ५० चौरस मीटरवर ५० मिलिमीटर म्हणजे तासाला २,५०० लिटर, मिनिटाला सुमारे ४२ लिटर. टाकी बांधली २४ साठी. पहिल्या जोरदार सरीत टाकीत साठलेलं तेल आणि सगळी माती उचलून बाहेर. शिवाय पावसाचं पाणी मलवाहिनीत सोडायलाही मनाई.

म्हणून छप्पर हवं, आणि भोवती १० सेंटिमीटरचा उंचवटा हवा म्हणजे बाहेरचं पाणी आत येणार नाही. पण छप्पर घातलं की ते बांधकाम, ते क्षेत्रफळात मोजलं जातं, आणि मोकळ्या जागेत तर चालतच नाही. उघड्या रॅम्पचा नकाशा सहज पास होऊ शकतो, छपराचा अडतो. जो नकाशा पास होण्याजोगा असतो तोच गटारात नापास होणारा असतो. झोन तपासणारा अभियंता छप्पर नाही म्हणून खूष, मलनिःसारणाचा अभियंता छप्पर का नाही म्हणून नाखूष, आणि दोघांच्या फाइली वेगळ्या. यावर उपाय एकच: उघड्या प्लॉटच्या मागे न लागता आधीच छप्पर मंजूर असलेला, भोगवटा प्रमाणपत्र असलेला तळमजल्याचा गाळा किंवा औद्योगिक वसाहतीतली शेड घ्यावी. भाडं जास्त जातं. सहा मीटर खोल गाळा पुरत नाही, हेही आधी मोजावं: गाडीभोवती एक-सव्वा मीटर फिरायला जागा धरली तर एका गाडीला चार बाय सात मीटर लागतात.

या टप्प्याला दीड गुण, आणि तोही डीपी रिमार्कमध्ये मॅनहोलचे आकडे दिले म्हणून.

रांग आणि आवाज

एका गाडीला २५ मिनिटं, दोन जागा, म्हणजे तासाला पाच गाड्याही होत नाहीत. रविवारी नऊ ते दहा या वेळात आठ गाड्या आल्या तर तीन गाड्या वाट पाहणार. प्रत्येकी सहा मीटर धरले तर १८ मीटर लांबीची रांग आवारात हवी. ती नसेल तर फुटपाथवर. धुऊन झालेल्या गाड्या पुसायला, पॉलिश करायला उभ्या राहतात त्या मोजायच्या कुणाच्या लक्षात येत नाहीत. त्यांना आणखी दोन जागा लागतात. अर्जाच्या नकाशावर रांगेची जागा रंगवून दाखवा, असं सांगणारी अट आम्हाला हवी आहे. तोवर रविवारी आधी फोन करून वेळ घेण्याची पद्धत ठेवणं मालकाच्याच फायद्याचं.

आवाजाचा नियम स्वच्छ आहे. ध्वनी प्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागात ६५ आणि ५५. दिवस म्हणजे सकाळी सहा ते रात्री दहा. शाळा, रुग्णालय, न्यायालय यांच्या भोवतीच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. प्रेशर पंप एक मीटरवर ८५ डेसिबल देत असेल तर मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की साधारण सहा डेसिबल कमी होतात: दोन मीटरवर ७९, चारवर ७३, आठवर ६७, सोळावर ६१, आणि ५५ यायला ३२ मीटर. मुंबईत ३२ मीटरच्या आत दोन इमारती आणि एक अंगणवाडी येते. त्यात दोन्ही बाजूंना भिंती असल्या की आवाज परततो आणि हा हिशेबही आशावादी ठरतो. पंप आणि कॉम्प्रेसर २३० मिलिमीटरच्या विटांच्या बंद खोलीत, खाली रबरी पॅड, हवेसाठी खिडकी रस्त्याकडे, हा मार्ग. पत्र्याच्या खोक्यात पंप ठेवला तर खोकाच ढोल होतो. शेवटी पाणी उडवायची हवेची गन मात्र खोलीत बंद करता येत नाही, आणि तिचा शिट्टीसारखा आवाज पंपापेक्षा जास्त टोचतो. तिच्याऐवजी मायक्रोफायबरचं कापड वापरावं, गाडीमागे चार मिनिटं जास्त लागतात.

शेजाऱ्याला मिळणारी सेवा

पाचपैकी एक. विकास आराखड्यात झोनच बदलायचा असेल तर १९६६ च्या नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ खाली जाहीर सूचना निघते, लोकांना हरकती देता येतात. पण एका प्लॉटवर वापराची परवानगी देताना शेजारच्या सोसायटीला नोटीस पाठवायची पद्धत नाही. फलक लागतो तेव्हाच कळतं. म्हणून कमिटीने गेटासमोर खोदकाम दिसताच माहिती अधिकाराचा अर्ज टाकावा. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, शुल्क १० रुपये, उत्तर ३० दिवसांत. ‘सर्व कागदपत्रे द्या’ असं लिहू नये. मंजूर नकाशा, कलम ३९० ची परवानगी तिच्यावरील अटींसह, आणि मलनिःसारण जोडणीचा नकाशा, एवढं नेमकं मागावं. जाळीत साबणाचं पाणी जाताना दिसलं तर तारीख-वेळेसह फोटो आणि १९१६ वर तक्रार, क्रमांक जपून ठेवावा. प्रदूषण मंडळाच्या संमतीची प्रत मंडळाकडे वेगळी मागावी लागते, महापालिका ती देत नाही.

अर्जदाराने नकाशा दाखल करण्यापूर्वी सोसायटीच्या कमिटीसमोर ठेवला तर त्याचं नुकसान काही नाही. कमिटी साधारण चारच गोष्टी मागते: वेळ सकाळी आठ ते रात्री आठ, पंपाची खोली कुंपणापासून दूर, डिझेल आणि इंजिन धुणं बंद, गाड्या आवारात. या चारही अटी वर दिलेल्या हिशेबांत आधीच आल्या आहेत. त्या लेखी देऊन टाकाव्यात आणि अर्जाला जोडाव्यात.

पाटीचं राहिलं. २०२२ पासून लहान आस्थापनांनाही मराठी देवनागरी पाटी सक्तीची आहे आणि मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. पाटी करतच आहात तर त्याच खर्चात खाली दोन ओळी घालून घ्या, कामाची वेळ आणि ‘आत जागा नसेल तर गाडी रस्त्यावर थांबवू नका, फोन करून या’.